५-१० किलोमीटरच्या स्पर्धांना पैसे भरून जाण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा, की रस्ता फुकट असताना ५-१० किलोमीटरसाठी शुल्क कशाला भरायचं, त्यापेक्षा सरळ हाफ मॅरेथॉनच का करू नये? मी साताऱ्याचा. इथे यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनमुळे २१ किलोमीटरच्या खालचं काही सांगितलं की लोक ‘एवढंच?’ म्हणतात. तरी सांगतो, जरूर जा.

मी तीन वर्षं शाहू स्टेडियमवर एकटाच पळायचो. साडेबारा फेऱ्या म्हणजे ५ किलोमीटर, वेळ कायम ३२ मिनिटांच्या आसपास. पहिल्याच स्पर्धेत २९ मिनिटं लागली. पाय तेच, बूटही तेच. शेवटच्या किलोमीटरला पुढे जांभळ्या टी-शर्टातल्या एक काकू होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. वेणी डावीकडे-उजवीकडे हलतेय, वेग मात्र जराही ढळत नाही. त्या वेणीवर नजर ठेवून मी शेवटपर्यंत गेलो. त्या नसत्या तर तिथेच चालायला लागलो असतो. एकटं असताना दम लागला की आपण स्वतःला सूट देतो.

शिवाय हाफनंतर माझे पाय सुटायला पंधरा दिवस जातात, ५ किलोमीटरनंतर तीन-चार दिवस पुरतात. चूक झाली तर पुढच्याच महिन्यात सुधारता येते.

आणि कमी अंतर म्हणजे हलकं काम, हे डोक्यातून काढाच. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला होता. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी मात्र तिने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत गाठली. म्हणजे जेमतेम ३ किलोमीटर!

पैसे भरण्याआधी अंतर नीट मोजलंय का आणि बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या पट्टीला, टायमिंग चिप आहे का, एवढं विचारून घ्या. एका स्पर्धेत ५ किलोमीटर म्हणून आम्हाला साडेचारच पळवलं. महिनाभर घाम गाळून आलेल्याला ते फार लागतं. चिप असली की तुम्ही स्वतः स्टार्टची रेघ ओलांडल्यापासून वेळ मोजली जाते, त्यामुळे पुढे घुसायची गरज उरत नाही.

पहिलीच स्पर्धा असेल तर ५ चीच घ्या. मागे उभे राहा, आणि बाजूने कितीही जण सुसाट गेले तरी पहिला किलोमीटर मुद्दाम हळू ठेवा.