हात धर, हात घालू नकोस

प्रिय मुलीस अनेक आशीर्वाद.

अमळनेरच्या त्या आजोबांच्या खाटेशी बसून तू रात्री दोन वाजता मला विचारलेस की, डॉक्टर फोन उचलत नाहीत, तर मॉर्फिनची आणखी एक गोळी देऊ का? नाही. गोळी किती आणि केव्हा, हे डॉक्टर ठरवतात आणि ती घरचे देतात. आपण रुग्णाचा हात धरावा, उपचारात हात घालू नये. आपण ‘डूला’, म्हणजे मरणाऱ्याला अखेरपर्यंत सोबत करणाऱ्या. हा मूळ ग्रीक शब्द सेवा करणाऱ्या बाईचा आहे, वैद्याचा नव्हे. मात्र रात्रीच्या जादा मात्रेबद्दल डॉक्टरांकडून आधीच लिहून घेण्याची आठवण तू घरच्यांना केली नाहीस, याचा मला रागच आला आहे.

अखेरच्या दिवसांत भूक-तहान मावळते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर लागते. हे घरच्यांना आधी सांगून ठेवणे मात्र आपलेच काम. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात चमच्याने ओतलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, म्हणून ओठ ओल्या कापसाने टिपावेत. जिभेवरच्या थेंबभर गंगाजलाला आणि तुळशीपत्राला अडवू नकोस. तिथेही हात घालायचा नाही.

मी एकदा घातला होता. यावल तालुक्यातील एका केळीच्या बागाईतदाराच्या घरी आजी माझ्या कानात म्हणाली की, विहिरीकडचे शेत धाकट्याला मिळावे, आणि मी ते ओसरीवर सर्वांसमोर सांगून टाकले. सातबाऱ्यावरून दोघे भाऊ असे जुंपले की, आजीने प्राण सोडला तेव्हा खाटेजवळ कोणीही नव्हते. मीही नव्हते, मी भांडण सोडवत होते. मी खोटे बोलले नव्हते, मरणाऱ्याचा शब्द दडपणे मला पाप वाटले होते, असे मी आजही स्वतःला बजावते. तरी तिचा हात सुटला तो सुटलाच.

आजोबांना जीव लांबवणाऱ्या नळ्या नको असतील तर ते लिहून ठेवायला वकील गाठून दे. अशा पूर्वलिखित इच्छेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मजकूर तू सुचवायचा नाहीस, साक्षीदार म्हणून सहीदेखील करायची नाहीस.

आणि ते स्वतःच्याच घरात पडून ‘माले घर लई चाला’ म्हणतात, तेव्हा ‘आबा, हे घरच आहे’ असा वाद घालू नकोस. घरी कोण कोण आहे, एवढे विचार, आणि ते अहिराणीत विचार.