गुडघ्याच्या वाटीवर लाल, गरम सूज आली तर शेकत बसू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की खानापूरला बाबा 30 वर्षं फरशीकाम करतायत, शुगर आहे, 4 दिवसांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी सूज आलीय, लाल आहे, हात लावला की गरम लागते, काल रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि शेजारचे म्हणतायत वात आहे, शेका. शेकू नका हो. उद्याची वाट न बघता आजच बेळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

मी पण फरशीचाच माणूस, वडगावात राहतो, गणपतीच्या आधी सगळ्यांना घाई असते तेव्हा दिवसदिवस गुडघ्यावरच जातो आमचा. वाटी आणि कातडीच्या मधे एक पातळ पिशवी असते, बर्सा म्हणतात तिला, कातडी हाडावरून सहज सरकावी म्हणून. रोजच्या दाबानं ती सुजते, ते वेगळं. पण सिमेंटनं कातडी कोरडी पडून भेगाळते, वर खडीचा कण टोचतो, आणि त्या बारीक भेगेतून आपल्याच अंगावरचे जंतू, बहुतेक वेळा स्टॅफ नावाचे, आत शिरतात आणि पिशवीत पू होतो. भेग एवढी बारीक असते की कधी लागलं तेच आठवत नाही. कोपराच्या टोकावर पण असंच होतं बघा. शुगरवाल्यांना तर धोका जास्तच.

2014 ला माझं हेच झालं. मी 3 दिवस एरंडाचं पान बांधून शेकलो, मग एका ठिकाणी पाणी न तपासताच गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत लाली मांडीपर्यंत चढली आणि मग 5 दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. आत जंतू असल्याचा संशय असला तर त्या पिशवीत स्टेरॉइड टोचायचं नसतं, हे मला नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

तुम्ही विचारलंय सांध्यात पाणी झालंय का. पिशवी सांध्याच्या बाहेर असते, त्यामुळे फक्त तिच्यात पू असेल तर पाय हळूच थोडा हलवता येतो, पूर्ण दुमडायला गेलं की वरची कातडी ताणून ठणका लागतो. सांध्यातच जंतू गेले असतील तर जरासं हलवलं तरी माणूस ओरडतो, आणि तसं असेल तर थोड्या दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खराब होते. पण हे घरी ठरवायचं काम नव्हे, मी फक्त काय बघतात ते सांगितलं.

वात की जंतू हे नुसतं बघून कळत नाही. युरिक ॲसिडचे खडे झाले तरी तशीच लाल गरम सूज येते, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं निघालं तरी "जंतू नाहीत" असं होत नाही. सुईनं पिशवीतलं पाणी काढून लॅबला पाठवतात, त्यात पेशी, खडे, जंतू बघतात आणि कल्चर लावतात, म्हणजे जंतू वाढवून कुठले आहेत ते बघतात. जमेल तोवर हे पाणी अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेतलेलं बरं, नाहीतर कल्चरमधे काही उगवत नाही आणि नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणून देऊ नका ते यासाठीच. आणि घरी सुई-ब्लेड तर अजिबात लावू नका.

ऑपरेशनची भीती आत्ताच नको. बहुतेकांचं पाणी काढून आणि साधारण 10 ते 14 दिवस औषध घेऊन बरं होतं, पू जास्त असला तर चीर देऊन काढतात, पिशवीच काढायची वेळ क्वचित येते. फक्त तिसऱ्या दिवशी सूज उतरली म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, आमच्या गड्यानं सोडल्या आणि महिन्यात परत तेच. बरं झाल्यावर जाड नी पॅड, आणि संध्याकाळी गुडघे धुऊन खोबरेल तेल, ते मी अजून चुकवत नाही.

निघायच्या आधी लाली जिथवर आहे तिथं बॉलपेननं कडेनं रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा, शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत लाली रेघेच्या बाहेर गेली असली तर नंबर लागायची वाट बघू नका, तिथल्या सिस्टरना लगेच दाखवा.