घरी नाश्त्याला क्लासिक फ्रेंच टोस्ट कसा करावा? माझा बाहेरून करपतो आणि आत गिच्च राहतो.

घोळ बहुतेक ब्रेडमध्ये आहे. मीही पहिल्यांदा बेकरीतून सकाळचा ताजा, लुसलुशीत ब्रेड आणून दुधात बुडवला होता. उचलायला गेलो तर कोपरा हातात आणि बाकीचा ताटलीत. तव्यावर जे झालं ते बघून आई म्हणाली, "ह्याला शिरा म्हणायचं की भुर्जी?"

फ्रेंच लोक याला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. आपला शिळ्या चपातीचा कुस्करा ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातला हा. शिळा ब्रेड कोरडा असतो, म्हणून दूध पितो आणि तरी उभा राहतो. आम्ही रविवारी मिसळीला जाड कापाचा ब्रेड आणतो, त्यातले चार स्लाइस मुद्दाम मागे ठेवतो. सोमवारी तेच. पावसाळ्यात कोल्हापुरात ब्रेड वाळण्याआधी त्याला बुरशी येते, तेव्हा कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं शेकून घ्या. रंग यायला नको, नुसता ओलावा जायला हवा.

चार जाड स्लाइसना दोन अंडी, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी. व्हॅनिला असेल तर दोन थेंब. मीठ विसरू नका, नाहीतर नुसतं गुळमट लागतं. अंडी आधी एकटी फेटा, मग दूध घाला आणि गाळून घ्या. पांढऱ्याचे धागे राहिले की टोस्टवर ऑम्लेटसारखे पांढरे डाग पडतात आणि अंड्याचा वासही तिथूनच येतो. (चहाची गाळणी वापरू नका, मी वापरली आहे.) म्हशीचं दूध असेल तर उत्तम, फक्त साय बाजूला काढा.

मिश्रण पसरट ताटलीत घ्या. एका बाजूला अर्धा मिनिट, उलटून परत अर्धा मिनिट. उचलून निथळू द्या.

आता आच. तुमचा करपतो तो इथे. लोणी टाकलं की लगेच काळं पडतं, म्हणून सरळ साजूक तूप वापरा. गॅस मध्यमपेक्षा कमी, प्रत्येक बाजूला तीन मिनिटं, आणि तोवर उलथन्याने दाबायचं नाही. दाबलं की आतलं दूध बाहेर येतं. मधोमध बोटाने हलकेच टोचून बघा: स्पंजासारखं वर आलं तर झालं, खड्डा राहिला तर अजून एक मिनिट.

कांदा-मिरची घालून करतात तो प्रकार मलाही आवडतो, पण तो वेगळा. त्याला आमच्या घरी अंडा-ब्रेडच म्हणतात.

वरून काय? परदेशात मेपल सिरप, म्हणजे झाडाचा रस आटवून केलेला पाक. आपल्याकडे उसाचा रस आटवून काकवी होते, मग महागाची बाटली कशाला? हिवाळ्यात गुऱ्हाळं चालू असताना ताजी काकवी मिळाली तर मिश्रणातली साखर पूर्ण वगळा. काकवी मात्र ताटलीत टोस्टच्या बाजूला ओता. वरून ओतली की कडा मऊ पडतात आणि सहा मिनिटं तव्यापाशी उभं राहिलेलं फुकट जातं.