जुन्या वर्तमानपत्रांतलं 'वर्तमान'

तुमचा प्रश्न असा, की एकोणिसाव्या शतकातल्या अंकांत 'अमुक गावचे वर्तमान', 'वर्तमान आले', 'वर्तमान समजले' असं जागोजागी दिसतं. तिथे 'सद्यःस्थिती' असा अर्थ घ्यायचा का? नाही. तिथे वर्तमान म्हणजे सरळ बातमी. 'वर्तमानपत्र' आपण रोज म्हणतो, पण त्यातलं 'वर्तमान' सुटं भेटलं की अडखळतो, कारण आता ते भूत-भविष्याच्या रांगेतच उभं असतं.

ही वहिवाट छापखान्याच्या आधीची. पेशवाईतल्या पत्रांत 'इकडील वर्तमान', 'सविस्तर वर्तमान लिहीत असावे' ही नेहमीची वळणं आहेत. त्यामुळे बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं तेव्हा वाचकांना हा शब्द नवा नव्हता. नवं होतं ते 'पत्र'. म्हणजे एका माणसाला लिहिलेलं नव्हे, पैसे भरेल त्या प्रत्येकाला मिळणारं.

अर्थ ओळखायचा तो शेजारच्या शब्दांवरून. आलं, ऐकलं, कळवलं, लिहिलं अशी क्रियापदं असली, किंवा 'वर्तमानें' असं अनेकवचन दिसलं, की बातमी समजा. पुढे काळ, स्थिती, राजा असं नाम असेल तर आजचा अर्थ. दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू होते. दादोबा पांडुरंगांच्या 1836 च्या व्याकरणातही वर्तमानकाळ आहेच. शंका राहिली तर 'दर्पण'च्या अंकात इंग्रजी मजकूर शेजारच्याच रकान्यात असतो, तो पाहावा. 'इंदुप्रकाश'ही (1862) दुभाषी होतं, पण तिथे ही युक्ती करू नका. त्याची इंग्रजी बाजू स्वतंत्र लिहिली जाई. ती काही काळ न्यायमूर्ती रानड्यांकडे होती.

मला यातली गंमत वाटते ती धातूची. वर्तमान आणि वृत्त दोन्ही संस्कृत 'वृत्'पासून आलेले. वर्तमान म्हणजे घडत असलेलं, वृत्त म्हणजे घडून गेलेलं. आणि 1832 मध्ये मुंबईत छापलेलं विलायतेचं 'वर्तमान' जहाजाने आलेलं, कित्येक महिने शिळं असे!

मग 'बातमी' कुठे होती? होती, पण तिला हेरगिरीचा वास होता. जुन्या कागदांत बातमीदार म्हणजे शत्रूच्या गोटातली खबर काढणारा. तोच शब्द पुढे छापखान्याच्या नोकरीत आला आणि प्रतिष्ठित झाला. 'समाचार'चं उलट झालं. गुजरातीत 1822 पासून 'मुंबई समाचार' चालू आहे. मराठीतही काही पत्रांनी ते नाव घेतलं, पण बोलण्यात आपण आजाऱ्याच्या समाचाराला जातो, नाहीतर कुणाचा तरी समाचार घेतो. अग्रलेखांनी हे दुसरं काम मनापासून केलं.

बातमी या अर्थाचं 'वर्तमान' आजही ठसठशीत टिकून आहे ते चर्चमध्ये. मराठी बायबलात मत्तय, मार्क, लूक, योहान यांची 'शुभवर्तमानं' आहेत. मिशनऱ्यांचं 'ज्ञानोदय' 1842 मध्ये अहमदनगरहून निघालं तेव्हा त्याच्या वाचकाला हा शब्द दोन्हीकडे भेटत असणार. वसईच्या कॅथलिक मासिकाचं नाव मात्र 'सुवार्ता'.

जाता जाता आणखी एक, कारण पुढच्याच पानांवर तुम्ही यालाही अडणार आहात. 'दर्पणकर्ते', 'केसरीकर्ते' म्हणजे मालक किंवा छापणारे असं समजू नका. पत्र चालवणाऱ्याला, म्हणजे आपल्या भाषेत संपादकाला, तसं म्हणत. आणि स्कॅनमध्ये शोध घेताना जुनी अनुस्वारांची रूपंही टाकून पाहा: वर्तमानें, वर्तमानपत्रें, पत्रांत, मुंबईंत. नुसतं 'बातमी' शोधलंत तर अर्धा ऐवज हातचा जाईल.