भारी पान लागलं की वाढव

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

चवथीच्या दुसऱ्या रात्री आरती झाल्यावर तू बलकांवात माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि पोकरचा डाव उघडा असलेला मोबाइल पुढे केलास. तुझ्या बोटांना नेवरीचं तूप लागलेलं होतं, त्याचा ठसा स्क्रीनवर उमटला होता, नेमका दोन एक्क्यांवर. बदामचा आणि किलवरचा. "काका, बघा, परत हरले. आता एक्के आले की पोटात गोळाच येतो. फेकून देऊ का सरळ?" आत माटोळीखाली पोरांचा मेंढीकोट रंगला होता, तुझ्या बाबांनी हाक मारली आणि बोलणं तिथेच तुटलं. तुझा तो रडवेला आवाज मात्र कानातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

पैशांचं तुला सांगायची गरज नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि पैशांची ऑनलाइन टेबलं बंद झाली. तू फुकटच्या चिपांवर, डोकं चालवायला खेळतेस, ते मला ठाऊक आहे. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर आपल्या गोंयकारांना 2020 च्या फेब्रुवारीपासून खेळायला बंदी आहे, आणि ती राहावी असंच माझं मत आहे. तेव्हा तो विषय नकोच. तुझ्या एक्क्यांचं बोलू.

तो हात मी घरी येऊन वहीत मांडला. टूर्नामेंटची पहिलीच लेव्हल, ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांना टाकाव्या लागणाऱ्या चिपा, 10 आणि 20, प्रत्येकाकडे 1500 चिपा. तुझ्या आधी दोघे जण नुसते 20 टाकून आत आले. आणि तूही 20 टाकलेस! विचारलं तर म्हणालीस, लपवले. सहा जणांनी फ्लॉप, म्हणजे मधे उघडणारी सगळ्यांची पहिली तीन पानं, पाहिला.

अगं, लपवलेस कोणापासून? त्या टेबलावर तुझ्या हातात काय असेल याचा विचार एकाने तरी केला होता का? प्रत्येक जण आपापल्या दोन पानांत गुंग असतो. ज्याला तुझी भीतीच नाही त्याच्यापासून लपवून मिळणार काय? बाजारात सकाळी ताजं इसवण घेऊन बसलेली बाई ते बांगड्याच्या भावात लावते का? भाव सांगते, आणि ज्याला परवडतो तो थांबतो. भारी पान लागलं की वाढव.

आता आकडे बघ, म्हणजे काका हट्टाने बोलतात असं वाटणार नाही. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका अनोळखी हातासमोर शेवटच्या पानापर्यंत गेली तर 100 पैकी 85 वेळा जिंकते. समोर दोघे असले तर 73, तिघे असले तर 64. पाच जण असले की 49. तुझ्यासमोर पाच होते. म्हणजे टेबलावरची सगळ्यात चांगली पानं हातात असताना तू आपण होऊन निम्म्याच्या खाली आलीस.

तू हुशार आहेस, फर्मागुडीला इंजिनीअरिंग करतेस, लगेच म्हणशील की पाच जणांच्या चिपा आणि माझे 49 टक्के, हिशेबात फायदाच आहे की. कागदावर बरोबर आहे. पण ते सगळ्यांनी आधीच ऑल-इन केलं असतं, सगळ्या चिपा आत लोटल्या असत्या तर. इथे फ्लॉप पडल्यावर पॉटमध्ये, मधल्या ढिगात, 120 असतात आणि तुझ्यापुढे 1480. पुढून कोणी वाढवलं तर त्याच्याकडे काय आहे याचा तुला काहीच थांग नसतो, कारण आत येताना त्याला काही मोजावंच लागलेलं नसतं. शिवाय टूर्नामेंटमध्ये चिपा दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला तुझा वाटा दुप्पट होत नाही. नऊ जणांच्या टेबलावर साधारणपणे पहिल्या तिघांना 50, 30 आणि 20 टक्के वाटतात. पहिल्याच लेव्हलला बाहेर पडलीस की हातात शून्य.

त्याच जागी तू 120 केले असतेस तर? 20 चे चार ब्लाइंड, आणि आधी आलेल्या दोघांचा एकेक, असे सहापट. 40 नव्हे! 40 ला सगळे येतात, ते वाढवणं नव्हेच. 120 ला ब्लाइंडवाले गेले असते, ते दोघे हट्टाने आले असते. पॉट 390. फ्लॉपवर तू 260 टाकतेस, एक जण उरतो, पॉट 910, तुझ्यापुढे 1120. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, उरलेलं सगळं आत. प्रत्येक पायरीवर काय करायचं ते आधीच ठरलेलं, आणि राणी-गुलाम घेऊन बसलेला माणूस तुला पुरती किंमत मोजून जातो.

याच्या उलटंही तू करतेस, तेही पाहिलं मी. दोनदा हरलीस की तिसऱ्यांदा चिडून एकदम 1500 आत. सगळे उठतात आणि तुला मिळतात 30. एक्के येतात 221 हातांत एकदा. एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा सगळे धरले तरी 39 हातांत एकदा. छोट्या टूर्नामेंटच्या सुरुवातीच्या दोन-तीन लेव्हलमध्ये असा हात एखादाच मिळतो, आणि त्याचे तू 30 घेतेस.

मी हे कुठून शिकलो ते सांगतो. 2010 चा पावसाळा. दुकान बंद करून रात्री जेवण झालं की मी कॉम्प्युटर लावायचो. असंच नऊ जणांचं टेबल, सातवा हात, इस्पिक आणि चौकटचा एक्का. मी लपवले. बिग ब्लाइंडवाल्याने, म्हणजे मोठा ब्लाइंड आधीच टाकून बसलेल्याने, आणखी काहीच न टाकता फ्लॉप पाहिला: राजा, नव्वी, तिर्री. मी टाकत गेलो, तो वाढवत गेला, शेवटी सगळं आत. त्याच्याकडे होती नव्वी-तिर्री, म्हणजे दोन जोड्या. त्या पानांनी 100-120 मोजायला कोणी बसतं का? मी त्याला फुकट बसवलं. आणि पुढची तीन वर्षं फोंड्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत राहिलो, नशीब बघा, एक्के फुटले! नशिबाचा काय संबंध?

मनाला जास्त लागून राहिलंय ते दुसरंच. माझ्या दुकानात तेव्हा तुझ्याच वयाचा एक मुलगा होता. त्याला हा खेळ मी शिकवला आणि एक्के लपवायलाही मीच शिकवलं, मोठ्या ऐटीत. तो हरत राहिला, मी त्याला नशिबाच्या गोष्टी सांगत राहिलो. एक दिवस त्याने खेळ सोडला, माझ्याशी बोलणंही कमी केलं. नंतर मला चूक कळली तेव्हा तो मडगावला निघून गेला होता. म्हणून तुझ्यावर असा ओरडतोय.

माझ्या जुन्या गड्यांचं म्हणणं, तू एकसुरी खेळतोस, वाढवलंस की सगळ्यांना कळतं. कळू दे. छोट्या टेबलावर तासाभरात माणसं पांगतात, तुझा खेळ लक्षात ठेवायला कोण बसलंय? मुरलेले खेळाडू समोर असले आणि टूर्नामेंट दिवसभराची असली तर लपवण्यालाही जागा असते, मान्य. ती तुझी आजची जागा नव्हे. मी वाढवायला लागलो तेव्हापासून हरलो नाही का? खूप हरलो. पण कुठल्या पानांनी हरतोय ते दर वेळी कळत होतं.

एक्का-राजाही वाढव. मात्र फ्लॉपवर तीनपैकी दोनदा तुला जोडी लागणारच नाही, आणि दोघे उभे असतील तर गुपचूप सोडून दे, कुढत बसू नकोस. राण्यांवर फ्लॉपला एक्का किंवा राजा 100 पैकी 41 वेळा येतो, गुलामांवर राणी किंवा त्याहून मोठं पान 57 वेळा. आधी वाढवलेलं असलं तर समोरच्याने काय मोजून काय धरलंय याचा अंदाज तरी येतो. छोट्या जोड्या सुरुवातीला स्वस्तात बघायला हरकत नाही, साधारण साडेआठ वेळांत एकदा फ्लॉपवर तसंच तिसरं पान लागतं. पण एक्के-राजे म्हणजे छोटी जोडी नव्हे, किती वेळा सांगू!

पुढच्या रविवारी येशील तेव्हा वही आण. सुरुवातीच्या लेव्हलमधला प्रत्येक भारी हात त्यात लिहायचा: तुझ्या आधी किती जण आत होते, तू किती केलेस, किती जण थांबले. जिंकलीस की हरलीस ते लिहू नकोस.

तुझा,
काका