तुमचे प्रश्न : कोरियन रूटीन आणि आपला घाम

प्रश्न : मी रत्नागिरीत राहते. दोन महिने दहा पायऱ्यांचं कोरियन रूटीन नेमाने करतेय. काचेसारखी त्वचा राहिली बाजूला, कपाळावर आणि गालांच्या कडेला बारीक, खाजणारे पुरळ आलेत. काय चुकतंय?

उत्तर : थर जास्त झालेत. सोलला जानेवारीत पारा शून्याखाली जातो आणि घरात ओंदोल, म्हणजे जमिनीखालची ऊब, चालू असते. त्या कोरड्या हवेत पाण्यासारखं टोनर, मग इसेन्स, मग सीरम, वर घट्ट क्रीम हे सगळं त्वचा पिऊन टाकते. रत्नागिरीच्या दमट हवेत तेच थर घामाखाली तसेच राहतात. पुरळ एकाच आकाराचे असतील आणि खाजत असतील, तर ती साधी मुरुमं नसून त्वचेवरच्या मॅलासेझिया या यीस्टचा त्रास असू शकतो. त्याला तेल आवडतं आणि मुरुमांच्या क्रीमने तो जात नाही. सगळं बंद करून सौम्य फेसवॉश आणि सनस्क्रीन एवढंच ठेवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पुढे सुरू करताना दहातल्या चारच गोष्टी घ्या : रात्रीची सफाई, एक टोनर, जेल मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. कोरियातही दहा पायऱ्यांचा कंटाळा येऊन ‘स्किप-केअर’ची लाट आलीच की! नवी बाटली एका वेळी एकच आणा. आधी कानामागे तीन रात्री लावून बघा, मगच चेहऱ्यावर.

डबल क्लेन्झिंग, म्हणजे आधी तेलाने आणि मग फेसवॉशने चेहरा धुणं, हा त्यातला खरोखर उपयोगी भाग, पण तोच बहुतेकींचा चुकतो. हात कोरडे, चेहरा कोरडा. क्लेन्झिंग ऑइलचे दोन पंप घेऊन मिनिटभर हलक्या हाताने फिरवा. मग बोटं ओली करून पुन्हा फिरवा. तेल दुधासारखं पांढरं झालं की धुवा. त्यानंतर फेसवॉश. ओल्या चेहऱ्यावर तेल लावलं तर ते आधीच पांढरं होतं आणि सनस्क्रीन विरघळतच नाही. घरचं खोबरेल तेल इथे चालत नाही. त्यात पाण्याशी मिसळायला लावणारा इमल्सिफायर नसतो, त्यामुळे तवंग मागे राहतो. आणि सनस्क्रीन किंवा मेकअप लावलाच नसेल त्या दिवशी ही पायरी सरळ गाळा.

‘सेव्हन स्किन’ वाचून गोंधळ झाला असेल तर : कोरियात टोनरलाच ‘स्किन’ म्हणतात. टोनरचे सात हात, एवढाच अर्थ. आपल्याकडे पावसाळ्यात एक हात पुरे.

प्रश्न : कोरियन सनस्क्रीन लावल्यावर चेहरा राखाडी दिसतो आणि चोळलं की मळासारखे गोळे निघतात. मी सावळी आहे.

उत्तर : बाटलीवर ‘टोन-अप’ लिहिलंय का बघा. त्यात उजळ दिसावं म्हणून मुद्दाम टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडसारखी पांढरी द्रव्यं घातलेली असतात. गोऱ्या त्वचेवर ती गुलाबी वाटतात, सावळ्या त्वचेवर राख फासल्यासारखी. टोन-अप नसलेलं, ही पांढरी द्रव्यं नसलेल्या रासायनिक फिल्टरचं जेल किंवा इसेन्स घ्या.

गोळे निघतात ते खालचं क्रीम मुरायच्या आत वर सनस्क्रीन चोळल्याने. मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या आणि चोळू नका, थापा. म्हणून प्रमाण मात्र कमी करू नका : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापर्यंत एकेक रेघ, चेहरा आणि मान मिळून. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून होते. पातळ हात फिरवला तर ५० चा आकडा फक्त बाटलीवरच राहतो. बाटलीवरची पीए (PA) ही खूण यूव्हीए किरणांपासून किती संरक्षण मिळतं ते सांगते. ती जपानची, १९९६ पासूनची. चौथं अधिक चिन्ह २०१३ मध्ये आलं. काळे डाग आणि वांग यांचा त्रास असेल तर एसपीएफइतकंच तिच्याकडे बघा.

प्रश्न : कुशन फाउंडेशनमध्ये (डबीतल्या स्पंजातून पफने लावायचं) छटेचा क्रमांक २१ घ्यावा की २३?

उत्तर : गव्हाळ रंगाला बहुधा दोन्ही नाहीत. १३, २१, २३ ही कोरियन बाजाराची नेहमीची चढण. तिथे २३ ‘गडद’ धरतात. २५ च्या पुढचे क्रमांक असलेलाच ब्रँड शोधा आणि मनगटावर न बघता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात बघा. पफ आठवड्याला साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. ओला पफ बंद डबीत ठेवला की पुरळ आलेच म्हणून समजा.

प्रश्न : सतरा वर्षांच्या मुलीला मालिकेतल्या नायिकेसारखं गोरं व्हायचंय. कोणतं व्हाइटनिंग क्रीम सुरक्षित?

उत्तर : कोरियात ‘मिबेक’, म्हणजे उजळवणारं, असा शिक्का असलेल्या क्रीमवर सरकारी नियम आहेत, उदाहरणार्थ नायसिनामाइड २ ते ५ टक्के. त्याने डाग फिके होऊ शकतात, जन्माचा रंग बदलत नाही. नायिकेच्या चेहऱ्यावरची चकाकी दिवे, मेकअप आणि कॅमेऱ्याची असते, हे मुलीला दाखवून द्या. २०१३ साली जपानमध्ये रोडोडेनॉल असलेली उजळवणारी उत्पादनं परत मागवावी लागली, कारण अनेकींच्या त्वचेवर पांढरे चट्टे पडले होते. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची ‘गोरेपणाची’ ट्यूब तर घरात ठेवूच नका. त्वचा पातळ होते, केस उगवतात आणि ट्यूब बंद केली की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो.

प्रश्न : तांदळाचं पाणी आंबवून चेहऱ्याला लावावं का?

उत्तर : नको. आपल्या उन्हाळ्यात ते दिवसभरात नासतं. जपानमध्ये जुन्या काळच्या बायका वापरत तो तांदळाचा कोंडा, कापडी पुरचुंडीत बांधून. पेज प्यायलाच बरी.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेली बाटली जुनी आहे का, कसं ओळखायचं? सगळं कोरियन लिपीत आहे.

उत्तर : तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते, पण ती बनवल्याची आहे की संपण्याची हे शेजारच्या शब्दावरून कळतं. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर सनस्क्रीन तरी तिथून घेऊ नका.