व्हिज्युअल लर्नर असलीस तरी वॉर्डात ये

हाय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. म्हणणं एवढंच ना की एमबीबीएसची लेक्चर बोअर होतात, सर-मॅडम स्लाइड वाचून दाखवतात, त्यापेक्षा रूमवर बसून अ‍ॅपवरचे व्हिडिओ डबल स्पीडला बघितले की पटकन डोक्यात बसतं, कॉलेजला यायचं ते फक्त थिअरीचे ७५ आणि प्रॅक्टिकलचे ८० टक्के हजेरी भरायला. आणि फाउंडेशन कोर्सला भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये तू 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे बघून शिकणारी, निघालीस, म्हणजे विषयच संपला.

स्लाइड वाचण्याबद्दल मी आमच्या लोकांची बाजू घेणार नाहीये, वाचतात खरंच, आणि दुपारी जेवणानंतर दीडशे पोरांपुढे स्लाइड वाचली तर पोरं झोपणारच.

पण तो फॉर्म. तो व्हार्क, म्हणजे कुणाला कुठल्या स्टाइलने शिकायला आवडतं हे विचारणारा, न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने काढलेला, १६ प्रश्नांचा. गंमत म्हणजे त्यातल्या व्हिज्युअलमध्ये डायग्राम, चार्ट, फ्लोचार्ट धरतात, व्हिडिओ धरतच नाहीत! ते सोड. तुला काय आवडतं हे तो फॉर्म सांगतो, तसं शिकलीस तर जास्त लक्षात राहील हे काही तो सांगत नाही. २००८ साली मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी यावरचा रिसर्च तपासला, स्टाइलप्रमाणे शिकवलं की फायदा होतो याला धड पुरावा सापडला नाही. नंतर अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीत अ‍ॅनाटॉमीच्या विद्यार्थ्यांवर हेच बघितलं, तर बहुतेक पोरं आपल्या स्टाइलप्रमाणे अभ्यास करतच नव्हती आणि जी करत होती त्यांना मार्क काही जास्त पडले नाहीत.

मग व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं का वाटतं? कारण समजतं गं, त्या वेळी समजतंच. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे, एका ग्रुपने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर पान मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवणारे बरेच पुढे, आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील हा कॉन्फिडन्स मात्र वाचणाऱ्यांना जास्त होता. प्रिलिमच्या आदल्या रात्री 'अरे हे तर मी केलंय' म्हणत पॅथॉलॉजीची पानं उलटणारं अख्खं हॉस्टेल डोळ्यांसमोर आण.

म्हणून व्हिडिओ बंद कर असं मी म्हणत नाही. बघ, पण एकच बघ, मग मोबाइल उलटा ठेव आणि कोऱ्या कागदावर नेफ्रोटिक आणि नेफ्रिटिक या किडनीच्या दोन सिंड्रोममधला फरक लिहून काढ, काहीच आठवत नाहीये असं वाटेल, चिडचिड होईल, होऊ दे. दोन-चार दिवसांनी तोच कागद परत कर. अँकीसारखी फ्लॅशकार्डं वापरत असशील तर उत्तमच, पण कार्डांची डेक स्वतःची बनव, सीनियरची रेडिमेड नको.

आता खरं भांडण वॉर्डावरून आहे. सेकंड इयरला पोस्टिंग लागलंय आणि तुम्ही लोक सही करून लायब्ररीत, का तर पुढच्या पीजी प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेत, तिच्या २०० प्रश्नांत बेडसाइडला मार्क नाहीत. परवा तुझ्याच बॅचच्या एकाने डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि ठणकावून सांगितलं, स्प्लीन नॉट पाल्पेबल, म्हणजे प्लीहा हाताला लागत नाही. प्लीहा बेंबीच्या खाली उतरलेली होती, म्हणजे याचा हात चक्क तिच्यावरच होता, कडा लागणार कुठून! स्टेप्स विचारल्या तर घडाघडा म्हणाला, उजव्या इलियाक फोसापासून, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं, पेशंटला खोल श्वास घ्यायला लावायचा, श्वासागणिक हात तिरका डाव्या बरगडीकडे सरकवायचा. व्हिडिओ त्याने पण बघितलेला होता, बहुतेक डबल स्पीडला. मग मी त्याचा हात धरून खालून सुरुवात करायला लावली, श्वास आत घेतल्यावर ती कडा बोटांना येऊन टेकली आणि पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. पेशंट पण हसले, म्हणाले, "सापडलं का डॉक्टर?"

आणि हो, एटकॉमला, म्हणजे डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि पेशंटशी संवाद शिकवणाऱ्या सेशन्सना, तुम्ही टाइमपास म्हणता. काही सेशन असतात तसे, नाही म्हणत नाही. पण त्या प्लीहावाल्या पेशंट काकांनी "मला नक्की काय झालंय" असं तुला एकटीला गाठून विचारलं तर तू काय सांगशील, किती सांगशील, हे कुठल्या अ‍ॅपवर मिळत असेल तर मला पण लिंक पाठव.

ते काका अजून अ‍ॅडमिट आहेत. सोमवारी राऊंडच्या आधी ये, हिस्टरी घे, पोट तपास, केस तू प्रेझेंट करणार आहेस हे मी युनिटमध्ये सांगून ठेवलंय. इंचटेप आण, नखं काप, थंड हात पोटावर ठेवू नकोस. आणि स्प्लीनचा व्हिडिओ रविवारी बघू नकोस, सोमवारी रात्री बघ.

सर